उणे वीस अंशांतली फोर्कलिफ्ट

पावसाळ्यात फ्रीजमधून पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली, तर पाच मिनिटांत ती बाहेरून ओलीचिंब होते. पाणी बाटलीतून झिरपलेले नसते. हवेतील वाफच थंड पृष्ठभागावर जमलेली असते. आता या बाटलीच्या जागी तीन टनांची एक फोर्कलिफ्ट आहे अशी कल्पना करा. हा ‘घाम’ तिला चक्क बंद पाडू शकतो!

निर्यातीची कोळंबी आणि मासळी ज्या शीतगृहांत साठवतात, तेथील तापमान उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही खाली ठेवावे लागते. खोक्यांच्या थप्प्या हलवायला फोर्कलिफ्ट लागते. ही गाडी म्हणजे चाकांवरची तरफच. पुढची चाके हा टेकू, पुढच्या दोन पात्यांवर ओझे आणि मागे ते तोलून धरणारे जड लोखंड. बंद खोलीत डिझेलचा विषारी धूर परवडत नाही, म्हणून गाडी बॅटरीवर चालते. बॅटरीचे काही शे किलो वजनही तोल सांभाळायला उपयोगी पडते.

थंडीने काय होते? तेल घट्ट होते आणि पाती सावकाश उचलली जातात. रबरी नळ्या कडक होऊन तडकतात. यावर उपाय सोपा आहे : थंडीत पातळ राहणारे तेल आणि थंडी सोसणारे रबर वापरायचे. खरा शत्रू थंडी नव्हे, दरवाजा!

थोडा हिशेब करू. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. उणे २० अंशांच्या हवेत जेमतेम एक ग्रॅम मावते. आत शिरलेल्या प्रत्येक घनमीटर हवेला उरलेले २३ ग्रॅम पाणी कोठे तरी टाकावेच लागते. ते दाराजवळच्या जमिनीवर बर्फ होऊन बसते. तेथे घर्षण इतके कमी होते, की ओझ्याने भरलेली गाडी ब्रेक दाबूनही घसरत पुढे जाते, आणि समोर माणूस असू शकतो. म्हणून दाराला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावतात आणि बर्फ वेळोवेळी खरवडून काढतात.

गाडीचेही तसेच. गारठलेले लोखंड बाहेर आले, की त्यावर दव जमते. विजेच्या जोडण्यांत, ब्रेकमध्ये, साखळीच्या कड्यांत पाणी शिरते. पाच-दहा मिनिटांत गाडी परत आत गेली, की तेच पाणी गोठते. बटण दाबले जात नाही, ब्रेक चिकटून बसतो. यावर जाणकारांचा नियम असा : गाडी एक तर आतच राहू द्या, नाही तर बाहेर आणल्यावर पूर्ण कोरडी होईपर्यंत थांबा. घाईच्या दिवसांत नेमका हाच नियम मोडला जातो. तीन टन लोखंड तापायला वेळ लागतो, ही गोष्ट घाईतल्या माणसाला पटवणे कठीण!

बॅटरीची गोष्ट तर याहून मजेदार आहे. शिसे-आम्ल बॅटरी वापरली जाते, तसे तिच्यातील सल्फ्यूरिक आम्ल शिशाच्या पट्ट्यांवर बसत जाते आणि द्रव पाणचट होतो. पूर्ण भारित बॅटरीत या द्रवाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२८ असते; असा द्रव उणे ६० अंशांनाही गोठत नाही. गुरुत्व १.१५ झाले, की तो उणे १५ला गोठतो आणि १.१० झाले, की उणे ८लाच! म्हणजे भरलेली बॅटरी शीतगृहात सुखरूप राहील, पण रिकामी रात्रभर आत विसरली तर बर्फ फुगून तिचे कवच फुटेल. आम्लाला हात न लावता हे पाहायचे असेल, तर एका पेल्यात साधे पाणी आणि दुसऱ्यात मिठाचे अगदी दाट पाणी घेऊन दोन्ही बर्फाच्या कप्प्यात ठेवा.

शिवाय थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, त्यामुळे ती लवकर दमते. म्हणून शीतगृहासाठी मोठी बॅटरी निवडतात आणि चार्जिंग बाहेर, उबदार खोलीत करतात. जड बॅटरी सावकाश थंड होते. ती उबदार असतानाच आत नेली, तर कित्येक तास चांगले काम देते. हल्ली लिथियमच्या बॅटऱ्याही आल्या आहेत, पण त्या शून्याखाली चार्ज करणे धोक्याचे असते, तेव्हा उबेची गरज त्यांनाही आहेच.

चार्जिंगच्या खोलीत खिडक्या उघड्या आणि विडी-काडी बंद! कारण त्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत तो ४ टक्के झाला, की ठिणगीने पेटू शकतो. कमी झालेले पाणी डिस्टिल्ड वॉटरने भरून काढतात, तेही चार्जिंग संपत आले असता, बुडबुडे येत असतानाच. बुडबुड्यांमुळे ते आम्लात ढवळले जाते. गाडी आत न्यायच्या वेळी घाईघाईने वरून पाणी ओतले, तर ते हलके असल्यामुळे आम्लावर तरंगत राहते, आणि भरलेल्या बॅटरीतही वरच्या वर बर्फ धरतो.