विहिरीवरील पंप : बिघाडाचीं पूर्वचिन्हें

पंप एकाएकीं बंद पडला, असें आपण म्हणतों. परंतु बहुतेक पंप त्यापूर्वीं कित्येक दिवस आपलें दुखणें सांगत असतात. वैशाखांत उंसाची पाण्याची पाळी चुकली म्हणजे काय होतें, हें बागाइतदार बंधूंस सांगावयास नको.

पहिली परीक्षा मापाची. रोज थोडी थोडी घटणारी धार डोळ्यांस कळत नाहीं. यासाठीं २०० लिटरचें पिंप धारेखालीं ठेवून तें किती सेकंदांत भरतें हें घड्याळावर पाहावें. ४० सेकंद लागल्यास सेकंदास ५ लिटर पाणी पडतें. पंप नवा असतांनाच हें माप टिपून ठेवावें, व त्यासोबत विहिरींतील पाण्याची पातळीही लिहावी. हें दुसरें टिपण पुष्कळजण गाळतात, आणि उन्हाळ्यांत निष्कारण पंप खोलून बसतात. पाणी खालीं गेलें म्हणजे उपसा घटणारच. तो पंपाचा दोष नव्हे. काठावरील पंप हवेच्या दाबाच्या आधारें पाणी ओढतो, त्यामुळें व्यवहारांत सुमारें ६ ते ७ मीटरपलीकडे त्याचा इलाज चालत नाहीं. अशा वेळीं पंप खालच्या ओट्यावर उतरवावा. परंतु पातळी तीच असून पिंपास ५० सेकंद लागूं लागले, तर इंपेलर झिजला, गाळणी तुंबली किंवा सक्शन पाइपाच्या सांध्यांतून हवा शिरूं लागली असें समजावें. हवा शिरल्यास धार तुटक व फेसाळ पडते.

रात्रीं भरलेला पंप सकाळीं रिकामा आढळला, तर बहुधा दोष फूटव्हॉल्व्हचा. (खेड्यांत त्यास 'फुटबॉल'ही म्हणतात, नांव कांहींही असो, झडपेखालीं अडकलेली एक काडी पुरते.)

पंपांत खडे फिरत असल्यासारखा खडखडाट झाल्यास, ओढीच्या बाजूस पाणी अपुरें पडून आंत वाफेचे बुडबुडे होत व फुटत आहेत असें जाणावें. हे बुडबुडे लोखंडही कुरतडतात. एकसारखी घरघर व हात ठेववणार नाहीं इतकी उष्णता, ही बेअरिंग गेल्याची खूण. दोरीच्या ग्लँडांतून थेंब थेंब गळणें मात्र आरोग्याचें लक्षण आहे. तेवढ्यासाठीं नट आवळणारे शाफ्ट घासून घेतात. मेकॅनिकल सील असलेल्या पंपास ही सवलत नाहीं.

स्टार्टरवरील अँपिअरचा कांटा नेहमींपेक्षां चढला, तर प्रथम व्होल्टेज पाहावें. कमी व्होल्टेजवर मोटर अधिक प्रवाह ओढते. व्होल्टेज ठीक असल्यास फ्यूज काढून शाफ्ट हातानें फिरवून पाहावा. जड फिरल्यास त्या दिवशीं पंप चालवूं नये. ओव्हरलोड रिले वारंवार उडतो म्हणून तो बांधून ठेवणें म्हणजे मोटरीचें वाइंडिंग जाळणें होय, व तो खर्च नव्या बेअरिंगच्या कित्येक पट येतो.