खाड्यापासून स्कोअरपर्यंत

1886 मध्ये जमशेदजी टाटांनी कुर्ल्याची मोडकळीला आलेली धरमसी गिरणी विकत घेतली आणि तिचे नाव स्वदेशी ठेवले. यंत्रे बदलता येत होती, माणसे टिकवणे अवघड होते. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये हा धडा त्यांनी आधीच गिरवायला घेतला होता. 1877 मध्ये सुरू झालेल्या त्या गिरणीत लोक वाटेल तेव्हा घरी राहत. दंडाने हे सुटत नाही हे पाहून तिथे बक्षिसे सुरू झाली, 1886 मध्ये पेन्शन फंड आला, 1895 मध्ये अपघाताची भरपाई आली.

त्या काळी कामगार बरा आहे की नाही याचा एकच लेखी पुरावा असे, मस्टर. त्यात खाडा दिसे, खाड्याचे कारण दिसत नसे. गावची पेरणी, आईचे आजारपण, जॉबरशी, म्हणजे मुकादमाशी, झालेली बाचाबाची, रात्रपाळीत भरलेला ताप, सगळ्याला तीच एक खूण. आणि बदली कामगार? तो पहाटे फाटकाशी उभा राहायचा, काम मिळाले नाही तर परत जायचा. त्याचा दिवस कुठेच लिहिला जात नसे.

मोजण्यातला खरा बदल मला 1921 मध्ये दिसतो. मुंबई सरकारने लेबर ऑफिस काढले आणि कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी हाती घेतली. धान्याला किती, खोलीभाड्याला किती, सावकाराला किती, हे घरोघर विचारले गेले. राहणीखर्चाचा निर्देशांकही निघू लागला, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात महागाई भत्ता अशाच निर्देशांकाला बांधला गेला. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पगाराच्या पाकिटात उतरले. माझ्या लेखी कल्याण मोजण्याची कसोटी तीच: त्या आकड्याने कुणाला तरी काहीतरी करणे भाग पडते का?

1948 च्या कारखाना कायद्याने काही बाबतींत ते भाग पाडले. अडीचशेवर कामगार असतील तर कॅन्टीन, पाचशे किंवा जास्त असतील तर कल्याण अधिकारी. 1953 च्या कायद्यातून कामगार कल्याण मंडळ उभे राहिले, त्याची केंद्रे निघाली, नाट्यस्पर्धा सुरू झाल्या.

कारखान्यात मात्र मोजमाप उत्पादनाचेच होते. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 मध्ये गाड्या निघू लागल्या. ठरल्यापेक्षा जास्त काम झाले की इन्सेंटिव्ह. पण हे प्रमाण कोण ठरवणार आणि कोणत्या युनियनशी बोलून? हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1975 च्या त्या निकालाचा कामगार कायद्याच्या अभ्यासात आजही आधार घेतला जातो.

आणि मग कमानी ट्यूब्स. कुर्ल्यात लालबहादूर शास्त्री मार्गावर तांब्या-पितळेच्या नळ्या बनवणारा हा कारखाना मालक घराण्यातल्या भांडणात खिळखिळा झाला आणि 1985 मध्ये बंद पडला. सुमारे सहाशे कामगार रस्त्यावर आले. डी. थंकप्पन यांच्या नेतृत्वाखालच्या युनियनने थकबाकी मागून थांबायचे नाही असे ठरवले. कारखानाच आम्ही चालवतो, असा प्रस्ताव तिने न्यायालयापुढे ठेवला. सप्टेंबर 1988 मध्ये मंजुरी मिळाली. कामगारांची सहकारी संस्था कंपनीची मालक झाली. प्रॉव्हिडंट फंडातले पैसे काढून लोकांनी भागभांडवल उभे केले, पगार कमी घ्यायला तयार झाले. म्हातारपणासाठी ठेवलेला पैसा माणूस आपल्या कारखान्यात टाकतो, तेव्हा कामात त्याचा जीव किती गुंतलेला आहे हे वेगळे विचारावे लागत नाही. 1989 मध्ये यंत्रे फिरली, पहिली काही वर्षे बरी गेली. नंतर खेळत्या भांडवलाची चणचण आली, आपसांत गट पडले, आणि कारखाना टिकला नाही. म्हणून तो प्रयोग फसला असे म्हणायला मी तयार नाही. जीव ओतण्याची तयारी आणि बँकेचे कर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून नक्की कळले. आज बसस्टॉपला कमानी हे नाव आहे, जवळच मॉल आहे.

आता कुर्ल्यात उतरणारी मोठी गर्दी वांद्रे-कुर्ला संकुलात जाते. पश्चिमेला शेअर रिक्षाच्या रांगेत उभे असतानाच फोनवर लिंक येते: तुम्हाला इथे काम करायला आवडते का, एक ते पाच. या प्रश्नावल्यांचे मूळ शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या अभ्यासांपर्यंत नेता येते. तिथे 1928 नंतर वीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. गॅलप या सर्वेक्षण कंपनीची बारा प्रश्नांची यादी पुष्कळ नंतरची. ऑफिसात जिवाभावाचा मित्र आहे का, असा त्यात एक प्रश्न आहे आणि मला तो चांगला वाटतो. गिरणगावातला माणूस गाववाल्यांच्या खोलीत आणि खानावळीत टिकला, तो याच बळावर.

पण रांगेतला पाऊण तास त्या यादीत नाही. सकाळी डब्यात उभ्याने आलेला माणूस संध्याकाळी परत तसाच जाणार, हे ऑफिसच्या दृष्टीने कामाच्या बाहेरचे. उत्तरे बेरीज होऊन वर जातात, खाली परत येते ती योगासनांची कार्यशाळा. वेळ बदला, दोन दिवस घरून काम द्या, स्टेशनपासून बस लावा, अशा खर्चाच्या गोष्टींपर्यंत आकडा क्वचितच पोचतो.

याच रांगेच्या पुढे, पहाटेच, सुरक्षारक्षक, सफाईच्या बाया आणि कॅन्टीनची पोरे गेलेली असतात. ते ठेकेदाराचे कामगार. त्यांना लिंक जात नाही, कारण त्यांच्याकडे कंपनीचा ईमेल नाही. पुढची पाहणी जी कंपनी करील, तिने कागद आणि पेन घेऊन आधी त्यांच्याकडे जावे, त्यांच्या मराठीत, हिंदीत विचारावे, आणि काय बदलले ते त्याच कॅन्टीनच्या भिंतीवर लावावे.