सारसाचे पाय कुठे गेले?

महाराष्ट्रात सारस क्रौंच उरला आहे तो मुख्यतः पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात. गोंदियात थोडा जास्त, भंडाऱ्यात मोजकाच. उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सर्वांत उंच हाच. पूर्ण वाढलेला सारस १.८ मीटरपर्यंत जातो, आणि त्यातली बरीचशी उंची पाय आणि मान यांनीच भरलेली. शिल्पकाराला मोह पडावा असा घाट. संगणकावर शिल्पकाम शिकू पाहणाऱ्याची फजिती करायलाही याच्याइतका योग्य पक्षी नाही.

समजा, भंडाऱ्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याने इंटरनेटवरून सारसाचं तयार त्रिमितीय मॉडेल उतरवून घेतलं. ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर उघडलं, मॉडेल आयात केलं आणि शिल्पकामाच्या विभागात जाऊन ‘रीमेश’चं बटण दाबलं. पाय गायब. मान तुटलेली. धडाचा ओबडधोबड गोळा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग ‘आपला लॅपटॉप कमी पडतो’ किंवा ‘आपल्या हातात कलाच नाही’ असे दोन निष्कर्ष निघतात. दोन्ही चुकीचे.

आयात केलेलं मॉडेल म्हणजे निव्वळ कातडी असते. त्रिकोण-चौकोनांचं एक जाळं, आत काहीच नाही. व्हॉक्सेलचं जग याच्या उलट. तिथे सगळी जागा व्हॉक्सेल नावाच्या बारीक घनांत विभागलेली असते आणि प्रत्येक घनाजवळ एक आकडा असतो: पृष्ठभाग इथून किती दूर आहे? घन शरीराच्या आत असेल तर आकडा उणे, बाहेर असेल तर अधिक. रीमेशचं बटण आधी कातडीवरून हे आकडे काढतं आणि मग त्या आकड्यांवरून नवी कातडी विणतं. नवशिक्याच्या बहुतेक अडचणी या रूपांतरातच जन्मतात, ब्रश हातात घेण्याच्या आधी. म्हणून शिकवण्यांची सुरुवात ब्रशपासून होते याचं मला नवल वाटतं. ती मोजपट्टीपासून व्हायला हवी.

आकड्यांवरून कातडी विणण्याची गरज पहिल्यांदा तीव्रतेने भासली ती वैद्यकाला. सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र काढलं ते १९७१ मध्ये. कापांची चळत मिळू लागली, पण त्यातून कवटीचा अखंड पृष्ठभाग दाखवायचा कसा? जनरल इलेक्ट्रिकमधल्या विल्यम लोरेन्सन आणि हार्वे क्लाइन यांनी १९८७ मध्ये ‘मार्चिंग क्यूब्स’ ही रीत मांडली. घनाला आठ कोपरे, प्रत्येक कोपरा आत किंवा बाहेर, म्हणजे एकूण २५६ शक्यता. सारख्या दिसणाऱ्या एकत्र केल्या की उरतात अवघे १५ नमुने. प्रत्येक नमुन्यात कातडी कुठून जाईल हे आधीच ठरवून ठेवायचं आणि एकेक घन तपासत पुढे सरकायचं. पुढे रीती सुधारत गेल्या. ड्रीमवर्क्स या ॲनिमेशन कंपनीने ढग-धुरासाठी घडवलेली ओपनव्हीडीबी ही प्रणाली २०१२ मध्ये सर्वांसाठी खुली केली आणि २०१९ पासून ब्लेंडरचा व्हॉक्सेल रीमेश तिच्यावरच चालतो.

आता पायांकडे. ब्लेंडर घनाची बाजू मुळात ०.१ मीटर, म्हणजे १० सेंटीमीटर धरतो. आपल्या मॉडेलमध्ये सारसाचा पाय अडीच सेंटीमीटर जाड आहे असं मानू. दहा सेंटीमीटरच्या घनांमधून तो सहज निसटतो. एकाही घनाचा कोपरा ‘आत’ सापडत नाही, म्हणून विणकामाच्या लेखी तिथे पायच नाही. माझ्या मते सर्वांत बारीक अवयवाच्या जाडीत निदान चार-पाच घन बसले पाहिजेत. म्हणजे इथे घन पाच मिलिमीटरचा हवा.

मग सरळ अर्ध्या मिलिमीटरवर का जाऊ नये? १८० सेंटीमीटर उंच, ८० लांब आणि ४० रुंद अशा खोक्यात हा पक्षी बसवला तर १० सेंटीमीटरचे घन लागतात ५७६. पाच मिलिमीटरचे ४६ लाख. अडीच मिलिमीटरचे ३ कोटी ६८ लाख. बाजू निम्मी केली की घन आठपट होतात. आजची सॉफ्टवेअरं पृष्ठभागाजवळचेच घन साठवतात, त्यामुळे प्रत्यक्ष भार एवढा चढत नाही. तरी नव्या जाळीतले चौकोन दर वेळी चौपट होतातच. मोठ्या घनांनी धडाचा घाट पक्का करावा आणि मग टप्प्याटप्प्याने बारीक व्हावं, हे शहाणपण इथून येतं.

याहून फसवा प्रकार मापाचा. अनेक मॉडेलं सेंटीमीटरमध्ये बनलेली असतात, ब्लेंडर मीटरमध्ये मोजतो. आयातीच्या वेळी तो पक्षी शंभरपट लहान करून दाखवतो, पण ते नुसतं दाखवणं असतं. आतल्या हिशेबात उंची १८० एककंच राहते. घनाची बाजू मोजली जाते ती या आतल्या हिशेबाने. मग ०.१ चा तोच निरुपद्रवी आकडा ५७६ ऐवजी ५७ कोटी ६० लाख घन मागतो आणि यंत्र गोठतं. उपाय एका ओळीचा आहे: रीमेशच्या आधी ‘अप्लाय स्केल’ करा. युक्रेनमधल्या पिल्गवे कंपनीच्या थ्रीडी-कोट या सॉफ्टवेअरमध्ये गणित वेगळ्या बाजूने येतं. तिथे आत घेताना मॉडेल जितकं मोठं ताणाल तितके जास्त घन त्याच्या वाट्याला येतात.

पायांसाठी आणखी एक वाट आहे. शिल्प छापायचं असेल आणि ते १८ सेंटीमीटर उंच हवं असेल, तर अडीच सेंटीमीटरचा पाय अडीच मिलिमीटरचा होईल. थ्रीडी प्रिंटरवर छापलेली इतकी बारीक प्लॅस्टिकची काडी पहिल्याच धक्क्याला मोडते. त्यापेक्षा मॉडेलमधून पाय काढून टाकावेत, पोटाला दोन भोकं ठेवावीत आणि त्यात पितळेची तार खोचावी. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं गाव. तिथे तार शोधत फिरावं लागणार नाही.

पितळेवरून दुसरी अडचण आठवते. पाण्याचा पितळी गुंड संगणकावर घडवताना पुष्कळ जण फक्त बाहेरचा पत्रा काढतात, जाडी देत नाहीत. तोंड उघडं. अशा आकाराला आत कोणतं आणि बाहेर कोणतं? डोळ्यांनी आपण ओळखतो, पण उणे-अधिकचा हिशेब तिथे कोलमडतो. कधी पातळ पापुद्रा उरतो, कधी भांडं भरीव होतं, कधी काहीच हाती लागत नाही. गेमसाठी बनवलेल्या पात्रांत हा दोष जागोजागी असतो, कारण तिथे दिसणाऱ्या बाजूपुरताच खर्च केलेला असतो. कपड्यांखालचं शरीर कापून टाकलेलं, केस म्हणजे सपाट पट्ट्या, आणि आपल्या सारसाची पिसं म्हणजे जाडी नसलेले कागद. ‘सॉलिडिफाय’ने जाडी द्यावी, भोकं बुजवावीत, आणि एकाच जागी पडलेले दुहेरी बिंदू ‘मर्ज’ करावेत. चौकोनांची तोंडं कुठे वळली आहेत हे ब्लेंडर रंगाने दाखवतो: आतली बाजू लाल. अख्ख्या पक्ष्यावर एक लाल डाग दिसला तरी आधी तो उलटवावा.

रीमेशनंतर चोच मिटते त्याचं कारण पायांसारखंच, फक्त उलटं. दोन जबड्यांमधली फट घनापेक्षा अरुंद असली की ती भरून जाते. माणसाच्या पुतळ्यात बोटं एकमेकांना चिकटतात, पापण्या बुबुळांवर सांधल्या जातात. डोळे नेहमी वेगळे ठेवावेत. बोटं रीमेशपुरती फाकवावीत. नखांची टोकं थोडी बोथट होतात, ती शेवटी हाताने पुन्हा काढावी लागतात.

सममिती चालू असूनही डावीकडे केलेलं उजवीकडे उमटत नसेल तर बहुधा पक्षी मध्यरेषेवरून सरकलेला असतो.

राहिले रंग आणि हाडं. आयात केलेल्या सारसाची लाल मान, राखाडी पंख ज्या नकाशाने जाळ्यावर बसवलेले असतात तो नकाशा नव्या कातडीला लागू पडत नाही, कारण जुने बिंदूच राहिलेले नसतात. हालचालीसाठी बांधलेला सांगाडाही त्याच कारणाने निसटतो. म्हणून मूळ मॉडेलची प्रत वेगळी ठेवावी. तिच्यावरचे रंग नंतर नव्या जाळ्यावर उतरवता येतात. पात्र चालवायचं असेल तर शिल्पावर बेतून काही हजार चौकोनांचं नवं जाळं हाताने ओढावं लागतं आणि सांधा वाकतो तिथे चौकोनांच्या ओळी मुद्दाम दाट ठेवाव्या लागतात. रीमेशला सांधा कुठे आहे हे कळत नाही. सारसाच्या बाबतीत ते माणसालाही चटकन कळत नाही: पायाच्या मध्यावर मागे वळलेला जो गुडघा वाटतो तो खरं तर घोटा, आणि गुडघा वर, धडाला लागून पिसांत दडलेला असतो.