रात्रीचा जोड कोरडाच हवा!

महाशिवरात्र जवळ आली, की आमच्याकडे प्रतापगडच्या वारीची लगबग सुरू होते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं हे ठिकाण. इथे महादेवही आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनींचा दर्गाही. आम्ही काही जणी वाटेत मुक्काम करत पायीच जातो.

मैत्रिणींनो, या दिवसांत दुपारी ऊन चटकतं, पण पहाटे जंगलातला गारवा बोचतो. काही वर्षांपूर्वी पहिल्याच मुक्कामी आमच्या जाऊबाई कुडकुडायला लागल्या. अंगावर दोन शाली, तरी दात वाजत होते, बोलणंही अडखळू लागलं. हात लावून पाहिलं, तर पोलकं घामानं ओलंचिंब! ओलं सुती कापड अंगातली ऊब ओढून घेतं, मग वरून कितीही पांघरा. त्यांचे कपडे बदलले, कान बांधले, गरम गोड चहा पाजला, तेव्हा कुठे त्या सावरल्या.

तेव्हापासून आमचा नियमच झालाय. कपड्यांचा एक जोड आणि लोकरीचे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचे, ते फक्त झोपताना काढायचे. चालताना स्वेटर नको, थांबल्याबरोबर मात्र घालायचं. थंडी जमिनीतूनही चढते, म्हणून पांघरुणाइतकंच अंथरूण महत्त्वाचं. खाली धानाचं तणीस, त्यावर सतरंजी. आणि पेटती शेगडी तंबूत कधीच नेऊ नका. कोळशाचा विषारी वायू झोपेतच घात करतो.

ओझं वाढवू नका हो, एक जोड तेवढा कोरडा ठेवा!