उद्यानांतील तळीं आणि हिवाळी ट्राउट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं अॅरिझोना या संस्थानाचा बराच मोठा भाग वाळवंटी असून, त्या वाळवंटांतच फीनिक्स हें लक्षावधि वस्तीचें शहर पसरलेलें आहे. तेथील उन्हाळा विदर्भाच्या उन्हाळ्यालाहि मागें टाकणारा आहे. २०२३ सालीं ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस तेथील पारा रोज ४३ अंशांच्या वर चढत होता. अशा शहराच्या बागांतील तळ्यांत बर्फाळ पहाडी ओढ्यांतला मासा सांपडतो, असें कोणी सांगितलें तर ऐकणारा ती थट्टाच समजेल. परंतु नोव्हेंबरचा मध्य उलटला कीं हा प्रकार तेथें प्रत्यक्ष घडतो. टाकी बसविलेली एक मालमोटार तळ्याच्या कांठाशीं पाठ करून उभी राहते, टाकीचें झांकण उघडतें, आणि वीत-सव्वावीत लांबीचे रुपेरी मासे पाण्याच्या लोटाबरोबर तळ्यांत कोसळतात. कांठावर आजोबा, नातवंडें, रात्रपाळी आटोपून आलेले कामगार आपापल्या गळाच्या काठ्या घेऊन आधींच हजर असतात.

या माशाचें नांव रेनबो ट्राउट. त्याच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत गुलाबी-तांबूस पट्टा असतो, त्यावरून त्याला इंद्रधनुष्याचें नांव मिळालें. सरंगा-बांगड्यावर वाढलेल्या कोंकणी श्रोत्यांना तो अपरिचितच असणार. हिंदुस्थानांतहि तो मूळचा नव्हे; काश्मीर व नीलगिरी येथील थंड पाण्यांत ट्राउट इंग्रजी अमदानींत बाहेरून आणून सोडले गेले.

थंड पाण्याचा त्याला एवढा सोस कां, हें समजल्यावांचून तळ्यांतील या हिवाळी खेळाचा उलगडा होत नाहीं. माशाला कल्ल्यांवाटे पाण्यांत विरघळलेला प्राणवायु घ्यावा लागतो. पाणी जितकें गार तितका हा वायु त्यांत अधिक मुरतो. उघडलेली सोड्याची बाटली उन्हांत ठेवली असतां तिच्यांतील वायु भराभर निघून जातो, हें शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतें; तोच न्याय येथें लागू आहे. १० अंश सेंटिग्रेडच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ११ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो; तेंच पाणी ३० अंशांवर गेलें कीं जेमतेम साडेसात उरतो. आणि मौज अशी कीं, पाणी तापलें म्हणजे माशाच्या शरीराचे व्यापार अधिक वेगानें चालूं लागून त्याला प्राणवायु जास्त लागतो. गरज वाढते नेमकी तेव्हांच पुरवठा आटतो. रोहू-मृगळासारखे उष्ण देशांतील मासे हें सोसतात. ट्राउट १० ते १६ अंशांत सुखानें राहतो, २० च्या पुढें कासावीस होतो आणि २५ च्या आसपास दगावूं लागतो. डिसेंबर-जानेवारींत फीनिक्सला दुपारीं १९-२० अंश व पहाटे ७ अंशांच्या आसपास हवा असते. म्हणून चार महिने तेथील तळें पहाडी पाण्यासारखें होतें. पुढें ऊन चढूं लागलें कीं तें पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर जातें, आणि त्यांत राहिलेला ट्राउट उन्हाळा पाहत नाहीं.

हे मासे येतात मत्स्यसंवर्धन केंद्रांतून. ही विद्या जुनी आहे. कॅलिफोर्नियांतील मॅक्लाउड नदीच्या कांठीं ट्राउटचीं अंडीं काढण्याचें सरकारी केंद्र १८७९ सालीं निघालें होतें. मादीचें पोट हलक्या हातानें दाबून अंडीं कोरड्या भांड्यांत घेतात, त्यांवर नराचें रेत पाडून पिसानें ढवळतात आणि मागाहून पाणी घालतात. १० अंशांच्या वाहत्या पाण्यांत तीं सुमारें महिन्याभरानें फुटतात. मध्यंतरीं अंड्याच्या कवचांतून दोन काळे ठिपके दिसूं लागतात. ते पिलाचे डोळे. डोळे दिसण्यापूर्वीं अंडें इतकें नाजुक असतें कीं धक्काहि लागतां कामा नये. दिसल्यावर मात्र तें ओलसर गारव्यांत ठेवून दूरदेशींहि पाठवितां येतें. पिलाच्या पोटाखालीं पिवळ्या अन्नाची पिशवी असते. ती संपेपर्यंत तें बाहेरचें कांहीं खात नाहीं. त्यानंतर मात्र त्याला माणसानें टाकलेल्या दाण्याची संवय लागते, आणि वर्ष-सव्वावर्षांत तें तळ्यांत सोडण्याजोगें होतें.

ही संवय गळ टाकणाऱ्याच्या पथ्यावर पडते. सोडल्यापासून पहिले दोन-तीन दिवस हे मासे थवा करून कांठाकांठानें फिरतात; माणसाच्या सावलीला बुजण्याऐवजीं वरून कांहीं पडेल या आशेनें रेंगाळतात. त्यांच्याकरितां बाजारांत एक मऊ, वासट, रंगीत कणीक मिळते. तिचा विशेष हा कीं ती पाण्यावर तरंगते. दोऱ्यावर मोकळें सरकणारें शिशाचें लहान वजन ओवतात. तें तळाशीं जाऊन बसतें. त्याच्यापुढें हात-दीडहात अगदीं बारीक दोरा आणि टोंकाला बारीक गळ. गळावर वाटाण्याएवढी कणीक लावली कीं ती तळाच्या शेवाळांत न रुततां हातभर वर अधांतरीं राहते, आणि बरोबर माशाच्या नजरेस पडते. मासा आमिष घेऊन चालूं लागला तर दोरा शिशांतून सरकतो. त्याला वजन जाणवत नाहीं आणि तो तोंडांतलें टाकून देत नाहीं. नवशिके जाड दोरा व मोठा गळ लावून दिवसभर बसतात आणि तळ्यांत मासेच नाहींत म्हणून बोटें मोडतात!

आठवडा लोटला कीं चित्र पालटतें. उरलेले मासे पांगतात, खोल पाण्याकडे सरकतात व चिलटांच्या अळ्या टिपूं लागतात. मग कणकेची मात्रा फारशी चालत नाहीं. पत्र्याची चकाकणारी लहान फिरकी किंवा चिलटासारखी बांधलेली कृत्रिम माशी लागते, आणि मुख्यतः पहाट लागते.

पहाडांतील ओढे तुडविणारे जातिवंत गळकरी या प्रकाराला नाकें मुरडतात. दाणे चारून पोसलेला मासा तळ्यांत टाकावयाचा आणि काढावयाचा, यांत शिकार ती कसली, असा त्यांचा सवाल असतो. त्यांत तथ्य आहेच. परंतु ज्या पोराच्या घरीं मोटार नाहीं किंवा बापाला रजा नाहीं, त्याला पहाड कोण दाखविणार? त्याच्यासाठीं बसच्या थांब्यालगतचें तळें हेंच पहाड.

याहून खोल वाद दयेचा आहे. धरलेला मासा पुन्हां पाण्यांत सोडणें हें अनेक गळकऱ्यांच्या मतें सभ्यतेचें लक्षण होय, आणि वाहत्या नदींतील वन्य माशाच्या बाबतींत तें योग्यच. उद्यानांतील तळ्यांत मात्र हा हिशोब उलटा पडतो. कणीक गिळलेल्या माशाचा गळ घशांत उतरलेला असतो. सोडला तरी तो बहुधा मरतो. मार्चमध्यें पाणी कोमट झालें असतां झुंजून थकलेल्या माशाला दम परत मिळत नाहीं. त्याला सोडणें म्हणजे नजरेआड मरूं देणें. ओठाला अलगद गळ लागलेला मासा डिसेंबरांत सोडला तर दुसऱ्या एखाद्या पोराच्या हातीं तो येईल, एवढें खरें. एरवीं ठरलेल्या संख्येइतके मासे घरीं नेऊन, साफ करून, तव्यावर टाकणें हीच त्या माशाशीं इमानाची वागणूक.

मासे सोडण्याची हीच रीत पहाडांत किती महाग पडली, तेंहि याच अॅरिझोनानें पाहिलें आहे. तेथील व्हाइट मौंटन्समध्यें सोनेरी-पिवळ्या अंगाचा अॅपॅची ट्राउट मूळचा. त्याच्या ओढ्यांत परके ट्राउट सोडले गेले. रेनबोशीं त्याचा संकर झाला, इतरांनीं त्याचें अन्न व जागा घेतली. १९६७ सालीं त्याची गणना नामशेष होऊं घातलेल्या प्राण्यांत करावी लागली. ओढ्यांत बांध घालून, परके मासे काढून, शुद्ध बीज पुन्हां सोडून, २०२४ सालीं तो त्या यादींतून बाहेर आला. शहरांतील तळें चोहोंकडून बंद असतें, तेथें बाटविण्याजोगा कोणी मूळ रहिवासी नसतो, आणि उन्हाळा दरसाल पाटी कोरी करतो. ट्राउटचा मृत्यु हाच येथें पहाडी ओढ्यांचा बचाव आहे.

फीनिक्स-टूसॉनकडील ही शहरी योजना १९८३ पासून चालू आहे. खर्च मुख्यतः गळकऱ्यांच्याच खिशांतून निघतो: परवान्याची फी, आणि १९५० च्या कायद्याप्रमाणें काठ्या-गळांवर बसविलेल्या करांतून संस्थानांना मिळणारा वांटा. नगरपालिकाहि आपली भर घालतात.

मार्च सरला कीं ट्राउटच्या मालमोटारी बंद होतात. एप्रिलमध्यें त्याच कांठाशीं दुसऱ्या टाक्या येऊन उभ्या राहतात. त्यांत कॅटफिश असतात, मिशाळ, काळसर, शिंगाळ्याच्या गोतावळ्यांतले आणि कोमट पाण्याला न भिणारे. तींच पोरें आतां रंगीत कणकेऐवजीं उग्र वासाच्या कलेजीचे तुकडे गळाला टोंचूं लागतात.