अपडेटनंतर अडलेला संगणक
(द्वितीय वर्ष कला)

रात्री घरचा संगणक स्वतःच 'अपडेट' होतो आणि सकाळी पाहावे तर आवाज बंद, प्रिंटर ओळखीचा नाही, किंवा पडदा नुसता निळा. अशा वेळी गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे एकच औषध असते: 'फॉरमॅट मारू!' तापावरही जुलाब आणि खोकल्यावरही जुलाब, त्यातलाच हा प्रकार. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. आमच्या जुन्या संगणकात सातबाऱ्याची प्रत आहे, शिष्यवृत्तीचे अर्ज आहेत आणि आजीच्या आवाजातल्या ओव्या आहेत. विंडोज पुन्हा घालता येते. आजी आता नाही.

वस्तुतः काल चालणारे यंत्र अपडेटनंतर आज अडले, तर पहिला संशय यंत्रावर घेऊ नये. जे बदलले त्यावर घ्यावा. संगणकाचे अवयव आणि विंडोज यांच्यामध्ये 'ड्रायव्हर' नावाचा दुभाषा असतो. विंडोज नवे झाले आणि दुभाषा जुनाच राहिला (किंवा उलट झाले), की संवाद तुटतो. याची परीक्षा सोपी आहे. 'शिफ्ट' कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडावे आणि पुढच्या पर्यायांतून 'सेफ मोड' गाठावा. तेथे अगदी आवश्यक तेवढेच ड्रायव्हर चालतात. संगणक तेथे नीट चालला, तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरात किंवा प्रोग्रामात आहे असे समजावे. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये आधीचा ड्रायव्हर परत आणण्याची सोयही पुष्कळदा मिळते.

महिन्याकाठी येणारे छोटे अपडेट काढून टाकता येते. मोठ्या अपडेटनंतर मात्र विंडोज आपली जुनी आवृत्ती 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरात साधारणतः १० दिवस जपून ठेवते. तेवढ्या मुदतीत 'रिकव्हरी'मधील 'गो बॅक' निवडल्यास मागे जाता येते. जागा मोकळी करण्याच्या हौसेने तो फोल्डर पुसणारे आपल्याच परतीची वाट बुजवतात.

पण फायलीच नाहीशा झाल्या तर? २ ऑक्टोबर २०१८ रोजी आलेल्या विंडोज १० च्या अपडेटने हे केले होते. काही जणांनी आपले 'डॉक्युमेंट्स'सारखे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवले होते. मागे उरलेले रिकामे, दुहेरी फोल्डर काढून टाकावेत म्हणून मायक्रोसॉफ्टने नवी आज्ञा घातली. ते खरोखर रिकामे आहेत की नाहीत, हे काही तिने पाहिले नाही! बिऱ्हाड हलले म्हणून जुने घर पाडले, आत माणसाचे सामान होते. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे १०,००० त एखाद्याच ठिकाणी अशी तक्रार आली. ज्याचे गेले त्याला या हिशेबाचा काय उपयोग? काही दिवसांतच वाटप थांबले आणि दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला आली.

तेव्हा कंपनीने दिलेला सल्ला आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे: तो संगणक शक्य तितका कमी वापरा. पुसलेली फाईल लगेच नष्ट होत नसते. तिची जागा फक्त 'मोकळी' म्हणून नोंदली जाते. त्या जागेवर नवे काही लिहिले गेले, की मग आशा सुटते. फॉरमॅट करून त्यावर नवे विंडोज घालणे म्हणजे नेमके हेच. म्हणून दुरुस्तीवाल्याच्या हाती यंत्र देण्यापूर्वी फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, आणि फायली दिसतच नसतील तर तसे त्याला आधी स्पष्ट सांगावे.

अपडेट कायमचे बंद करणे मात्र शहाणपणाचे नाही, कारण संगणकाची सुरक्षितता त्यावरच अवलंबून असते. काही आठवडे ते लांबणीवर टाकण्याची सोय विंडोजमध्येच आहे. परीक्षेच्या दिवसांत तिचा लाभ घेण्यास हरकत नाही.