मंडईचा पाठ
पुण्याच्या जुन्या बाजारपेठांतील शैक्षणिक सहल : हेतू, मार्ग व पद्धती

सहल हा शालेय कार्यक्रमाचा एक मान्य भाग आहे. तथापि आपल्या बहुतेक शाळांच्या सहली किल्ला, देवस्थान, धरण किंवा उद्यान या ठरावीक स्थळांकडेच वळतात. बाजार हे सहलीचे स्थळ होऊ शकते हा विचार सहसा मनात येत नाही. आला तरी, "बाजारात काय पाहावयाचे? मुले आठवड्याचा बाजार नेहमीच पाहतात," असे म्हणून तो सोडून दिला जातो. वास्तविक खेड्यातील मुलास बाजाराचे एकच टोक ठाऊक असते. शेतात पिकलेला माल टेम्पोत चढतो, तेथवर त्याची दृष्टी पोहोचते. पुढे तो माल कोठे जातो, कोणाच्या हाती पडतो आणि किती दामाला विकला जातो, हे दुसरे टोक त्याने पाहिलेले नसते. ते दाखविणे हा या सहलीचा मुख्य हेतू होय.

एक जुना अनुभव

आरंभी स्वतःची एक चूक सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी चौथीच्या वर्गास पुण्यास नेले होते. मुलांना दोघादोघांच्या रांगेत, हातात हात देऊन, मंडईतून फिरविले. कोणी हरवू नये एवढीच चिंता माझ्या मनात होती. मुले शिस्तीने चालली व शिस्तीनेच परतली. दुसऱ्या दिवशी 'आमची सहल' या विषयावर निबंध लिहून घेतला. सर्वांच्या वह्यांत "आम्हांस फार मजा वाटली" हेच वाक्य होते. एका मुलाने मात्र निराळे लिहिले होते. मेथीवर ओले गोणपाट टाकून बसलेली बाई त्यास दिसली होती. माझी आईही असेच गोणपाट टाकते, परंतु आमच्या जुडीला जो भाव मिळतो त्याच्या तिप्पट भाव ती बाई सांगत होती, असे का, असा त्याचा प्रश्न होता. मी त्या मजकुराखाली तांबड्या शाईने 'विषयांतर' असा शेरा मारला.

तो शेरा मला पुढे पुष्कळ वर्षे बोचत राहिला. त्या दिवशी वर्गात सहलीचा खरा विषय एकट्या त्या मुलालाच सापडला होता. विषयांतर झाले होते ते माझे. हा लेख त्या चुकीतून लिहिला आहे, असे समजावे.

पूर्वतयारी

ही सहल पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी योग्य होय. निघण्यापूर्वी निदान एक आठवडा तयारी करावी. पालकांचे लेखी संमतीपत्र व मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी, हे सांगणे नलगे. वर्गाचे सहा-सहा मुलांचे गट पाडावे व प्रत्येक गटास एक वस्तू नेमून द्यावी. ती वस्तू शक्यतो आपल्याच गावची असावी. पुरंदरच्या मुलांनी अंजीर व सीताफळ, जुन्नरच्या मुलांनी टोमॅटो, खेडच्या मुलांनी कांदा व बटाटा, मावळ-मुळशीच्या मुलांनी तांदूळ निवडावा. त्या वस्तूस गावात काय भाव मिळाला हे मुलांनी घरी विचारून वहीत लिहून आणावे. वहीतील हा एक आकडा हाती असला म्हणजे मूल बाजारात नुसते भटकत नाही, शोध घेऊ लागते.

विक्रेत्यांशी कसे बोलावे याचाही पाठ घ्यावा. गिऱ्हाईक समोर असता प्रश्न विचारू नये, मालाला उगाच हात लावू नये, "काका", "मावशी" असे आदराने संबोधावे व निघताना आभार मानावे. बाजारातील मनुष्याचा वेळ म्हणजे त्याची रोजी होय, हे मुलांस प्रथम कळले पाहिजे. गणेशोत्सव व दिवाळीच्या दिवसांत गर्दी फार असते, म्हणून तो काळ टाळावा.

पहिला मुक्काम : महात्मा फुले मंडई

एस.टी.ने स्वारगेटला उतरून सकाळी आठच्या सुमारास मंडई गाठावी. २०२४ पासून भुयारी मेट्रोचे स्थानकही मंडईलगत झाले आहे. शक्य झाल्यास मुलांना तेवढा एक प्रवास मेट्रोने घडवावा.

मंडईची दगडी इमारत प्रथम बाहेरून पाहावी. मध्यभागी उंच मनोरा असलेली अष्टकोनी वास्तू व तिच्यापासून फुटलेल्या लांब पाख्या, अशी तिची रचना आहे. पाख्या का काढल्या असतील, असे मुलांस विचारावे. वारा, उजेड व सर्व बाजूंनी येण्याजाण्याची सोय ही उत्तरे मुले स्वतः शोधतात. या इमारतीचे उद्घाटन ५ ऑक्टोबर १८८६ रोजी झाले. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले होते. त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरील मैदानात उघड्यावर भरत असे.

येथे शिक्षकाने एक गोष्ट अवश्य सांगावी. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. नव्या मंडईच्या इमारतीवर मोठा खर्च करण्यास त्यांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनातही त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. पुढल्याच वर्षी, १८८३ मध्ये, 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे मांडली. इमारत तर उभी राहिली. आणि पुढे त्याच मंडईस त्यांचे नाव देण्यात आले. आज ती महात्मा फुले मंडई म्हणूनच ओळखली जाते.

ही गोष्ट सांगून लगेच निष्कर्ष सांगू नये. "जोतीरावांचा विरोध बरोबर होता काय?" असा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. उन्हापावसात बसणाऱ्या भाजीवाल्यांना छप्पर मिळाले, हे खरे. ज्यांच्या घामावर हा बाजार चालतो त्यांची मुले तेव्हा निरक्षर राहिली, हेही तितकेच खरे. नगरपालिकेच्या तिजोरीत रुपये थोडे आणि गरजा अनेक असतील तर प्रथम काय करावे, हा प्रश्न आजच्या ग्रामसभेतही उभा राहतो. नागरिकशास्त्राचा याहून चांगला पाठ पुस्तकात सापडणे कठीण.

मग गट आपापल्या वस्तूच्या शोधास पाठवावे. प्रत्येक गटाने किरकोळ भाव, माल कोणत्या गावाहून आला, तो ताजा राखण्याची युक्ती आणि विकला न गेलेल्या मालाचे काय होते, या चार गोष्टी विचारून लिहाव्या. घाऊक व्यापार आता गुलटेकडीच्या मार्केट यार्डात चालतो. मंडईतील विक्रेते पहाटे तेथून माल आणून दिवसभर विकतात, हे मुलांस त्यांच्याच तोंडून कळू द्यावे. प्रत्येक गटास थोडे पैसे देऊन एखादी वस्तू विकत घेण्यास सांगावे. घासाघीस कशी करावी, ती कोठे थांबवावी आणि सुटे पैसे मोजून कसे घ्यावे, हे प्रत्यक्ष केल्यावाचून येत नाही.

दुसरा मुक्काम : तुळशीबाग व भिडे वाडा

मंडईपासून तुळशीबाग अगदी जवळ आहे. नारो आप्पाजी खिरे, म्हणजेच तुळशीबागवाले, यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे राममंदिर बांधविले. मंदिराच्या आश्रयाने बाजार कसा वाढतो याचा हा नमुना आहे. पूजेची उपकरणी, स्त्रियांच्या अलंकाराच्या वस्तू, भातुकलीची चिमुकली पितळी भांडी यांची दुकाने देवळाभोवती दाटली आहेत. आपल्या गावच्या जत्रेतही देवळाभोवतीच दुकाने लागतात. जत्रा वर्षातून एकदा भरते, येथे ती बारमाही झाली, असे सांगितले म्हणजे मुलांस पटते.

तेथून बुधवार पेठेतील भिडे वाड्याच्या जागेकडे जावे. जोतीरावांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती येथे, आणि सावित्रीबाईंनी अध्यापन केले तेही येथे. जीर्ण झालेला वाडा २०२३ मध्ये उतरविण्यात आला असून ती जागा राष्ट्रीय स्मारकासाठी घेण्यात आली आहे. मंडईपासून हे स्थळ चालत थोड्याच मिनिटांचे आहे. ज्या मनुष्याने इमारतीपेक्षा शाळा मोठी मानली, त्याची मंडई व त्याची शाळा ही दोन्ही मुलांनी एकाच सकाळी पायी जोडावी. वर्गातील मुलींना येथे क्षणभर पुढे उभे करावे. व्याख्यान देण्याची गरज नाही.

तिसरा मुक्काम : रविवार पेठ व तांबट आळी

पुण्याच्या पेठांना वारांची नावे आहेत हे मुलांस गमतीचे वाटते. रविवार पेठ पूर्वी मलकापूर पेठ व गुरुवार पेठ पूर्वी वेताळ पेठ म्हणून ओळखली जाई. रविवार पेठेत बोहरी आळी आहे. खिळे, कुलपे, दोर, डबे, हत्यारे अशा संसारोपयोगी मालाचा तेथे घाऊक व किरकोळ व्यापार चालतो. एकाच जिनसाची दुकाने एकाच आळीत का, हा प्रश्न येथे विचारावा. शेजारी तेच दुकान असता नुकसान होत नाही काय? मुले विचार करतात व म्हणतात, "गिऱ्हाइकाला ठाऊक असते, ती वस्तू तेथेच मिळेल." अर्थशास्त्राचे एक तत्त्व त्यांनी स्वतःच शोधलेले असते.

पुढे कसबा पेठेत तांबट आळी. कोकणातून आलेले त्वष्टा कासार पेशवाईत येथे स्थिरावले. बंब, घंगाळे, हंडे, तपेली ही त्यांची कामगिरी. आता हातकाम करणारी घरे थोडी उरली आहेत. म्हणून आधी जाऊन एखाद्या कारागिराची संमती घ्यावी व सर्व वर्ग एकदम आत न नेता गटागटाने न्यावा. तांब्याचा पत्रा ठोकता ठोकता कडक होत जातो. तो तडकू नये म्हणून भट्टीत तापवून पुन्हा नरम करतात. भांडे आकाराला आले म्हणजे हातोडीचे सारखे ठोके देऊन मठारतात. त्याने पृष्ठभागावर चकाकणारे ठसे उमटतात व भांड्यास मजबुतीही येते. विज्ञानाच्या तासाला धातूचे गुणधर्म शिकविताना हा हातोडीचा नाद मुलांच्या कानांत असला पाहिजे. कल्हईचाही उल्लेख करावा. आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या भांड्यात कळकतात व विषारी होतात, म्हणून आतून कथलाचा लेप देतात. भांडे तापवून नवसागराने स्वच्छ केल्यावर कथील त्यावर पसरते.

शेवटी शनिवारवाड्याजवळ जाऊन डबे सोडावे. "आपण सकाळी पाहिलेला भाजीबाजार पूर्वी येथे भरत होता," हे येथे पुन्हा आठवून द्यावे. एकंदर चाल दोन-अडीच किलोमीटरांची होते. थांबत थांबत चार तास सहज लागतात.

परतल्यानंतर

सहलीचे खरे काम शाळेत परतल्यावर सुरू होते. गटांनी आणलेले आकडे फळ्यावर मांडावे. गावातील भाव एका बाजूस, मंडईतील भाव दुसऱ्या बाजूस. मध्ये जे अंतर दिसेल ते कोणकोणत्या पायऱ्यांनी झाले हे मुलांकडून भरून घ्यावे : तोडणी, गोणी, वाहतूक, हमाली, तोलाई, अडत, नासाडी, गाळ्याचे भाडे, विक्रेत्याची मजुरी.

उदाहरणार्थ, विक्रेत्याने मेथीच्या १०० जुड्या १२ रुपये दराने घेतल्या व २० रुपये दराने विकल्या असे समजू. मुले चटकन ८०० रुपये नफा सांगतील. आता त्यांपैकी १० जुड्या सुकून गेल्या असे सांगावे. ९० जुड्यांचे १,८०० रुपये आले, १,२०० रुपये गेले, उरले ६००. वाहतूक, हमाली व जागा यांचे १५० रुपये वजा केल्यास राहतात ४५०. पहाटेपासून रात्रीपर्यंत बसणाऱ्या माणसाची ही कमाई. मग दुसरे गणित घालावे. त्याच १०० जुड्यांचे शेतकऱ्याला ८ रुपये दराने ८०० रुपये मिळाले. बियाणे, खत, पाणी व घरच्या माणसांचे श्रम वजा जाता किती उरले? हे गणित मुलांनी घरी आईवडिलांजवळ बसून सोडवावे.

या चर्चेत कोणा एकास चोर ठरविण्याची घाई करू नये. तसेच "जगाची रीतच अशी," असे म्हणून प्रश्न मिटवूही नये. नियम बदलता येतात, हे मुलांस सांगावे. पूर्वी फळे-भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाई. २०१६ मध्ये ती खरेदीदाराकडून घेण्याचा नियम महाराष्ट्रात झाला. अडतीच्या पट्टीवरील प्रत्येक रकाना वाचता येणे हे साक्षरतेचेच अंग होय. ज्या मुलाला पट्टी वाचता येते, त्याच्या बापाला फसविणे कठीण जाते.

पावकी, निमकी, सवायकी, दीडकी हे पाढे आता शाळांतून मागे पडले आहेत. परंतु पाव, अर्धा, सव्वा, दीड हा हिशेब बाजारात अजूनही तोंडीच चालतो. सहलीनंतरचा एक आठवडा तोंडी हिशेबाचा तास घ्यावा. मापांचाही इतिहास सांगावा. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर व चार शेर म्हणजे एक पायली, हे कोष्टक आजीला विचारून आणण्यास सांगावे. १९५७ मध्ये दशमान नाणी आली. १९५६ च्या कायद्याने दशमान वजनेमापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यापूर्वीचा बाजार कसा मोजला जाई, हे घरातील वडील माणसे आनंदाने सांगतात.

निबंधासाठी 'आमची सहल' हा विषय देऊ नये. 'मला पडलेला प्रश्न' हा विषय द्यावा. शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त कराव्या, परंतु प्रश्न खोडू नये. उत्तर ठाऊक नसेल तर तसे मुलाला सांगावे व दोघांनी मिळून शोधावे. शाळाभेटीच्या वेळी मी या निबंधवह्या आवर्जून पाहीन. त्यांत तांबड्या शाईचा 'विषयांतर' हा शेरा मला आढळू नये, एवढीच शिक्षकबंधू-भगिनींना विनंती आहे.

— शिक्षण विस्तार अधिकारी